शुगर फ्री आणि ओट्सबद्दल
'कॉर्नफ्लेक्सच्या पाकिटावर शुगर फ्री लिहिलंय म्हणजे डायबेटीसमध्ये चालतं, ओट्सही चालतात' असं वर कोणीतरी म्हटलंय, त्यातलं शुगर फ्रीचं नाही पटलं, वरून साखर घातली नसली तरी कॉर्नफ्लेक्समधल्या स्टार्चचं पोटात ग्लुकोजच होतं ना, आणि तेही झटपट, जीआय (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झटकन वाढते त्याचा आकडा) ८० च्या आसपास आहे त्याचा. ओट्सचं बरोबर आहे, फक्त कुठले ते बघा. मी इन्स्टंटवाले खायचो तेव्हा दोन तासांनी शुगरच्या मीटरवर २१० वगैरे दिसायचं, स्टील कट, म्हणजे दाण्याचे जाड तुकडे केलेले, आणले (शिजायला अर्धा तास, वैताग नुसता) तर १६५ वर आलं.

आणि हो, पाकिटावरचं सर्व्हिंग बऱ्याचदा ३० ग्रॅमचं असतं, एकदा आपल्या नेहमीच्या बाउलमध्ये घेतो तेवढं वजनकाट्यावर ठेवून बघा, माझं ७० निघालं आणि मी डॉक्टरांना बिनधास्त 'एकच बाउल खातो' सांगत होतो.