सल्ला हवा: ७० हजारांत भावासाठी गेमिंग कॉम्प्युटर, मॉनिटरसकट

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी कॉम्प्युटर जुळवायचा आहे. मी डोंबिवलीत नोकरीला, तो चिपळूणला घरी, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. आतापर्यंत बाबांच्या ऑफिसने मोडीत काढलेल्या मशीनवर त्याने भागवलं, कधी कुरकुर केली नाही. म्हणून या वेळी नीट विचार करून घ्यायचं ठरवलंय.

बजेट ७०,००० रुपये, मॉनिटर धरून. अगदी ओढूनताणून ७२,०००.

मित्रांबरोबर रोज व्हॅलोरंट, अधूनमधून जीटीए ५. सायबरपंक २०७७ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ खेळायची फार इच्छा आहे. शिवाय ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकतोय, छोटी ॲनिमेशन करतो.

एका दुकानातून कोटेशन आणलंय: आय३-१२१००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबीची एक रॅम, २५६ जीबी एसएसडी, आरटीएक्स ३०५० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, चार रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट आणि त्यातच "४५० वॅटचा एसएमपीएस फ्री" (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). मॉनिटर नाही. दुकानदार म्हणतो, "ताई, यात सगळं चालतं." घरचा जुना १९ इंची मॉनिटर आहे, निळ्या व्हीजीए पिनेचा. तो चालला तर पैसे वाचतील.

यात काय ठेवावं, काय बदलावं?

घाटवाट

ताई, आधी त्या फुकटच्या एसएमपीएसबद्दल बोलू, कारण बाकी चुका नंतर निस्तरता येतात, ही नाही.

दुकानात जाल तेव्हा त्याला कॅबिनेटचं झाकण काढायला लावा आणि एसएमपीएसच्या कुशीवरचा स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असेल, तिकडे बघू नका. खाली एक तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तिथूनच जेवतात. असल्या कॅबिनेटबरोबर येणाऱ्या डब्यांवर तिथे बऱ्याचदा १६ अँपियरच्या आसपास आकडा असतो. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. आता एएमडीचं आरएक्स ६६०० सारखं कार्ड एकटं १३२ वॅट घेतं, रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर भर लोडवर ७६ पर्यंत जातो. बेरीज २०८, आणि अजून पंखे-डिस्क धरलेच नाहीत. असा एसएमपीएस गेम ऐन रंगात आला की मशीन बंद पाडतो, आणि जळताना कधीकधी बोर्ड-कार्डाला बरोबर घेऊन जातो.

चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर त्याच रकान्यात साधारण ४५ अँपियर लिहिलेलं असतं, म्हणजे ५४० वॅट. फरक डोळ्यांनी दिसतो. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दाखला), नावाजलेल्या कंपनीचा, निदान पाच वर्षांची वॉरंटी, आणि कार्डाला लागणारी ८ पिनची केबल मुळातच बसवलेली. मोलेक्सचं (जुन्या चार पिनेच्या केबलचं) जोडकाम करून ८ पिन देतो म्हणाला तर नको म्हणा. चार-पाच हजार जातील, पण पुढची दोन कार्डं बदललीत तरी हा राहील.

दुसरं, आरटीएक्स ३०५०. या नावाखाली दोन कार्डं विकली जातात. ८ जीबीवालं मूळ, त्यात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस (मेमरीतून डेटा ये-जा करायची वाट). ६ जीबीवालं २०२४ मध्ये आलं, २३०४ कोअर आणि ९६ बिटची बस. फक्त २ जीबी कमी असं दुकानदार सांगतात, पण ते कार्डच वेगळं आणि हळू आहे. ते ७० वॅटमध्ये चालतं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून जुन्या ऑफिस मशीनमध्ये घालायला छान. तुम्ही तर नवीन मशीन करताय.

माझं मत: आरएक्स ६६००. १०८० पी (फुल एचडी) वर ८ जीबी ३०५० पेक्षाही पंचवीस-तीस टक्के पुढे असतं. भावाने सांगितलेले सगळे खेळ हाय सेटिंगवर ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) नीट चालतील.

एक रॅम, २५६ जीबी एसएसडी हेही बदला. रेड डेड २ ला एकट्याला १५० जीबी जागा लागते, सायबरपंकला ७०. विंडोज बसल्यावर २५६ मध्ये उरतं काय? १ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) घ्या, जेन ३ म्हणजे आधीच्या पिढीची चालेल. जेन ४ चा वेग खेळात जाणवत नाही.

रानजाई

एसएमपीएसबद्दल शंभर टक्के सहमत. कार्डाबद्दल नाही.

मुलगा ब्लेंडर शिकतोय हे तुम्ही एका वाक्यात सोडून दिलंत. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये (अंतिम चित्र काढणारा भाग) रेंडर करायचं तर एनव्हिडियाची, म्हणजे आरटीएक्स, कार्डं त्यांच्या ऑप्टिक्स तंत्रामुळे बरीच सरस पडतात. एएमडीचं तसंच एचआयपी चालतं, आरएक्स ६००० मालिकेला ते आहे, पण वेगात मागे. मी रोज हेच काम करते, आणि एका फ्रेमला दोन मिनिटं की चार मिनिटं हा फरक रात्रभराच्या रेंडरला किती मोठा होतो ते मला ठाऊक आहे. वापरलेलं आरटीएक्स ३०६० १२ जीबी मिळालं तर बघा, किंवा नवं आरटीएक्स ५०५०. तेही ८ जीबी, १३० वॅट, म्हणजे एसएमपीएसचं गणित तेच राहतं. वर डीएलएसएस मिळतं, खेळात फ्रेम वाढवणारं. परवा एका विद्यार्थ्यासाठी कोटेशन काढलं, तेव्हा आरएक्स ६६०० पेक्षा चारेक हजारांनी महाग होतं.

घाटवाट

रानजाई, मुद्दा मान्य. मग सगळं यावर येतं की तो खरंच रेंडर करतो, की ट्यूटोरियल बघून मॉडेल बनवून ठेवून देतो. नुसत्या मॉडेलिंगला आरएक्स ६६०० भरपूर आहे. वाशिष्ठीकाठताई, त्यालाच विचारा: गेल्या महिन्यात किती फ्रेम रेंडर केल्यास?

वापरलेलं ३०६० मात्र मी सुचवणार नाही. दुरून व्यवहार, कोणी क्रिप्टो मायनिंगला पिदडलंय कळत नाही. आणि स्वस्तात "१०५० टीआय" दाखवणारे तर लांबच ठेवा. त्यात एनव्हिडियाच्या जुन्या फर्मी काळातल्या चिपवर बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नवं नाव चढवलेली कार्डं फिरतात. जीपीयू-झेड हे कार्ड ओळखणारं सॉफ्टवेअर उघडलं की नावाआधी फेक असं स्पष्ट येतं. खरं १०५० टीआय असलं तरी आता नको. एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेचे नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलेत. जीटीएक्स १६ मालिकेत रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं) हार्डवेअर नाही, आणि आता काही नवे खेळ त्याशिवाय सुरूच होत नाहीत, उदाहरणार्थ डूम: द डार्क एजेस.

लालमाती

वापरलेलं काही घ्यायचंच तर रॅम घ्या, कार्ड नाही. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरी वळल्यामुळे रॅमचे भाव दुपटीच्या वर गेलेत. आधीच्या पिढीची डीडीआर४ सुद्धा सुटली नाही. रॅम झिजत नाही, पंखा नाही, हलणारा भाग नाही. घेताना मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) ची एक पूर्ण फेरी समोर चालवून बघा, एकही एरर नको. फक्त लॅपटॉपची आखूड रॅम गळ्यात मारून घेऊ नका, ती डेस्कटॉपच्या खाचेत बसत नाही.

आणि ८ जीबीच्या दोन घ्या. १६ ची एक घेऊन पुढे दुसरी टाकू असं लोक सांगतात, पण तोवर सिंगल चॅनलवर (एकाच रॅमच्या अर्ध्या वेगावर) खेळ अडखळतो, खासकरून व्हॅलोरंटसारखा प्रोसेसरवर चालणारा. चार खाचांचा बोर्ड घेतलात तर भाव उतरल्यावर आणखी दोन टाकता येतील. एच६१० वर दोनच खाचा असतात.

सह्यकडा

एएम५ (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचा सॉकेट) वर जा ना, रायझन ७५००एफ. पुढची पाच वर्षं प्रोसेसर बदलता येईल.

लालमाती

एएम५ ला डीडीआर५ लागते आणि सध्याच्या भावात रॅमच कार्डाचे पैसे खाईल. बोर्डही महाग. ७० हजारांत, मॉनिटरसकट, रायझन ५ ५६०० आणि बी४५० किंवा बी५५० बोर्ड हेच बसतं. सहा कोअर, बारा थ्रेड, ब्लेंडरलाही आय३ च्या चार कोअरपेक्षा बरे. ५६०० च घ्या, ५५०० किंवा ५६००जी नको. त्या दोघांत एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) निम्मी म्हणजे १६ एमबी आहे, आणि बी५५० वरही ते पीसीआयई ३.० वर (कार्ड जोडणारी जुनी, हळू वाट) अडकतात. बी४५० घेतलात तर बायोस नवा आहे ना, ५००० मालिका धरेल ना, हे दुकानातच चालू करून बघा.

वाशिष्ठीकाठ

किती मनापासून लिहिताय सगळे! भावाला फोन केला. गणपतीत आमच्या वाडीच्या देखाव्यासाठी त्याने ४० सेकंदांचं ॲनिमेशन केलं होतं, म्हणे त्या जुन्या मशीनवर पाच रात्री रेंडर चालू होतं आणि मधे दोनदा वीज गेली. आम्हाला कोणाला बोलला नाही. रानजाईताई, तुमचं ऐकते, ५०५० घेते.

व्हीजीए मॉनिटरचं कोणी सांगितलं नाही अजून. आणि विजेचं काय करू? पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून चारदा येते-जाते.

रानजाई

त्याला पाच रात्रींचं काम आता एका रात्रीत उरकेल बघा. मला फार बरं वाटलं वाचून.

मॉनिटर बदला. आताच्या कार्डांना व्हीजीए नसतंच, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतं. कन्व्हर्टर लावून चित्र येईल, पण १३६६ गुणिले ७६८ च्या पडद्यासाठी एवढं कार्ड कशाला? २४ इंची आयपीएस पॅनेलचा, १०८० पी, १०० हर्ट्झ (पडदा सेकंदाला १०० वेळा ताजा होतो), सात-आठ हजारांत मिळतो. १०० हर्ट्झ नंतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन निवडावं लागतं, आपोआप ६० वरच राहतं बऱ्याचदा.

कातळशिल्प

विजेबद्दल मी लिहितो, रत्नागिरीत हेच काम करतो.

पहिलं अर्थिंग. त्याच्या टेबलामागच्या पॉइंटला तिसरी वायर खरोखर जोडलेली आहे का, वायरमनकडून बघून घ्या. आपल्याकडच्या जुन्या घरांत तीन पिनेचा सॉकेट असतो आणि मागे दोनच वायरी. कॅबिनेटला उघडं बोट लावलं की मुंग्या येतात ते यामुळेच. फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक.

दुसरं यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. हे मशीन खेळताना मॉनिटरसकट अडीचशे-तीनशेच्या घरात जाईल, म्हणजे तो काठावर. १००० व्हीए घ्या. खेळत बसायला नाही, काम सेव्ह करून नीट बंद करायला पाच-दहा मिनिटं. रेंडर लावून झोपणार असेल तर ॲनिमेशन थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नको, एकेक फ्रेम पीएनजी म्हणून काढ असं सांगा. वीज गेली तरी झालेल्या फ्रेम हातात राहतात, पुढून सुरू करता येतं.

तिसरं दमट हवा. जुलै-ऑगस्टमध्ये मशीन आठवडाभर बंद ठेवू नका, रोज अर्धा तास तरी चालू राहू द्या. भिंतीला चिकटवून, जमिनीवर तर मुळीच ठेवू नका. पुढून काचेने बंद असलेलं कॅबिनेट दिसायला छान, पण हवा जात नाही. जाळीचं तोंड असलेलं बघा.

वाशिष्ठीकाठ

यूपीएसचे पैसे बाबा देतायत, अर्थिंग उद्याच बघायला सांगितलंय.

तर यादी अशी: रायझन ५ ५६००, चार खाचांचा बी४५० बोर्ड, ८ च्या दोन डीडीआर४ ३२०० (वापरलेल्या, मेमटेस्ट करून), १ टीबी एनव्हीएमई, आरटीएक्स ५०५०, ५५० वॅट ब्राँझ एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट, २४ इंची मॉनिटर. जुन्या मशीनची हार्ड डिस्क फोटोंसाठी तीच लावू.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, या रविवारी जाऊन घ्यावं म्हणते. जोडूनच घेते तिथून आणि पुढच्या शुक्रवारी ट्रेनने चिपळूणला नेते. जमेल ना?

घाटवाट

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी जा. ग्रँट रोड स्टेशनला उतरलात की चालत पाच-सात मिनिटं. तीन-चार दुकानांत एकच यादी दाखवा, आणि प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर असलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय हजार-दीड हजार कमी करतो म्हणतील, घेऊ नका. कार्ड तीन वर्षांत बिघडलं तर तोच कागद लागतो. खोकी सगळी सांभाळून ठेवा.

दुकानातच चालू करून बायोसमध्ये दोन गोष्टी करून घ्या. रॅमचं एक्सएमपी (पूर्ण वेगाचं सेटिंग) चालू, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहील. आणि एफटीपीएम व सिक्युअर बूट (सुरक्षेची दोन सेटिंग) चालू, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्याशिवाय उघडत नाही.

ट्रेनने नेताना ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात, तुमच्या हातातल्या बॅगेत. उभ्या कॅबिनेटमध्ये ते आडवं लटकलेलं असतं, धक्क्यांनी बोर्डाची खाच तुटते. भावाला बसवू दे घरी. खाचेच्या टोकाला छोटी कळ असते, ती टक् वाजली की बसलं, मग मागचा स्क्रू आणि ८ पिनची केबल. मॉनिटरची केबल खाली कार्डाच्या तोंडात लावायची, वर बोर्डाच्या पोर्टमध्ये नाही. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, वर लावली तर पडदा काळाच राहील. अडलं तर इथेच फोटो टाकायला सांगा त्याला, शुक्रवारी रात्री मी जागा आहे.