बारावीला प्रॉडक्ट डिझाइन: अभ्यास की सुतारकाम?

मेलबर्नची_माहेरवाशीण: लेक दहावीत आहे. अकरावी-बारावीच्या (इथल्या व्हीसीईच्या) विषयांचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय. इंग्रजी, मेथड्स (म्हणजे गणित), फिजिक्स, केमिस्ट्री ठरलंय. पाचवा विषय तिला 'प्रॉडक्ट डिझाइन अँड टेक्नॉलॉजीज' हवाय, तिच्या बाबांना स्पेशालिस्ट मॅथ्स (त्याहून अवघड गणित). घरात तीन दिवस धुसफूस चाललीय. अनुभव असेल तर सांगा.

कोथरूडकर: ताई, राग मानू नका, पण रंधा मारायला एवढ्या लांब गेलात का? माझा भाचा तिथेच शिकला. तिथे वेगवेगळे विषय एका मापात आणायला मार्क वर-खाली करतात, त्या स्केलिंगमध्ये या विषयाचे मार्क खाली येतात, स्पेशालिस्टचे वर जातात. मग घासाघीस कशाची?

भुसा_आणि_मी: कोथरूडकर, अर्धंच सांगितलंत. एटारच्या (युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या रँकच्या) बेरजेत इंग्रजी आणि सर्वांत चांगले तीन विषय पूर्ण धरतात. पाचव्याचे आणि सहाव्याचे फक्त 10 टक्के. तिचा हा विषय पाचवा राहिला तर स्केलिंगनं असं किती नुकसान होणार?

आणि सुतारकाम म्हणाल तर, 50 टक्के मार्क वर्षभराच्या एकाच कामाला असतात. खरा वापरणारा माणूस शोधायचा, त्याची अडचण विचारायची, स्केचेस, साहित्याच्या चाचण्या, मग वस्तू करायची आणि ती कुठे फसली तेही स्वतःच लिहायचं. लेखी परीक्षा 30 टक्के. माझ्या मुलीनं कापड घेतलं होतं, लाकडाला हातही लावला नाही. मेलबर्न म्युझियममध्ये 'टॉप डिझाइन्स' प्रदर्शन भरतं, त्यात बारावीच्या मुलांची निवडक कामं असतात. लेकीला आणि तिच्या बाबांना, दोघांनाही घेऊन जा.

रात्रीचा_चहा: मी विरोधात, आणि माझ्या मुलानं हा विषय घेतला होता. विषय वाईट नाही, पण तो वेळ खातो. फोलिओची (म्हणजे सगळं काम मांडायच्या वहीची) पानं संपतच नाहीत. ऐन तिसऱ्या टर्ममध्ये पोरगं रात्री एकपर्यंत आकृत्यांना बाण काढत बसायचं आणि तिकडे केमिस्ट्री बोंबलली. 10 टक्क्यांच्या विषयानं पहिल्या चारांतला एक खाल्ला. हा हिशेब कुणी मांडत नाही.

भुसा_आणि_मी: हे मात्र खरं. आमच्याकडेही सप्टेंबरात रडारड झाली होती.

कोथरूडकर: शिवाय डिझाइनला जायला हा विषय लागतो कुठे? आपल्याकडे आयआयटी मुंबई यूसीड ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा घेते, त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते. चित्र काढता आलं पाहिजे, विचार करता आला पाहिजे.

भुसा_आणि_मी: तो विचार करायची सवय लागते कुठे, क्लासमध्ये?

मेलबर्नची_माहेरवाशीण: तिला डिझायनर व्हायचंच नाहीये, इंजिनिअरिंगला जायचंय. हे डोक्यात शिरलं सासूबाईंमुळे. त्या साताऱ्याहून येताना विळी घेऊन आल्या. (कस्टम्सला काय सांगितलं ते विचारू नका.) गुडघ्यामुळे खाली बसवत नाही आणि सुरीनं चिरलेली मेथी त्यांना चालत नाही. लेकीला ओट्यावर घट्ट बसेल, उभ्यानं वापरता येईल आणि काम झालं की पातं झाकलं जाईल अशी विळी करायचीय. आजीची मुलाखतसुद्धा घेऊन झाली. विषय मिळायच्या आधीच!

रात्रीचा_चहा: शाळेत पातं? जोखमीचा तक्ता भरतानाच सर घामाघूम होतील. आधी नुसता पाट आणि झाकण करू दे. आणि पहिल्या टर्ममध्येच फोलिओची निम्मी पानं संपवायची, हे लेखी घ्या तिच्याकडून.

कोथरूडकर: माझं मत बदललेलं नाही. पण पाट कसला करणार? तिथे सागवान परवडायचं नाही.

भुसा_आणि_मी: टास्मानियन ओक घ्या. नाव ओक, झाड निलगिरीच्या जातीचं. ओल्या भाजीपुढे टिकतं का, ते मात्र तिलाच तपासावं लागेल.