मदत हवी आहे: डाऊनी प्रोटिस्टाच्या चार्टवर लावू की फंजायच्या?

बागायत_कन्या:
लवकर सांगा प्लीज, परवा चार्ट लावायचाय आणि मी एकाच गोष्टीवर अडकलीये. डाऊनी (द्राक्षावरचा डाऊनी मिल्ड्यू रोग आणणारा जीव) कुठे टाकायचा? एका पुस्तकात फंजाय म्हणजे बुरशी, दुसऱ्यात प्रोटिस्टा, नेटवर तिसरंच काहीतरी स्ट्रामेनोपाइल म्हणून. मॅडम म्हणतात बुरशी लिही, घरी पप्पा पण बुरशीच म्हणतात. स्लाइड बनवलीये. एका ओळीत उत्तर द्या, मोठं लेक्चर नको.

पिंपळगावकर:
ताई डाऊनी पानावर आलाय का घडावर? छाटणी कधी झाली, व्हरायटी कुठली? आत्ता सकाळचं दव पाहता उशीर करू नका, घडात घुसला की गेलं सगळं. आमच्याकडे बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) सोडून दुसरं काही मी मानत नाही.

बागायत_कन्या:
दादा फवारणी नाही विचारत, वर्गीकरण विचारतेय 🙏

जीवशास्त्र_सर:
कितवीला आहेस ते आधी सांग, त्याशिवाय उत्तर देता येत नाही. अकरावी-नीट असेल तर विषय संपला, एनसीईआरटीत आल्बुगो हा डाऊनीचा जवळचा भाऊबंद फायकोमायसिटीजमध्ये म्हणजे फंजायमध्येच दिलाय. प्रोटिस्टात क्रायसोफाइट, डायनोफ्लॅजेलेट, युग्लिनॉइड, स्लाइम मोल्ड आणि प्रोटोझोआ. पेपरात हेच लिहायचं, जास्त शहाणपणा केला की मार्क जातात.

बागायत_कन्या:
बीएस्सी सेकंड इयर सर. पेपर नाहीये, प्रदर्शनाचा चार्ट आहे, बाहेरचे परीक्षक येणारेत.

सूक्ष्मदर्शक:
मग सरांचं उत्तर इथे चालणार नाही. डाऊनी म्हणजे प्लाझमोपारा व्हिटिकोला, हा ऊमायसीट आहे, म्हणजे दिसायला बुरशीसारखा, पण खरी बुरशी नाही. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, याच्यात मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकान. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे डायटम (एकपेशीय शेवाळ) आणि समुद्रातलं तपकिरी शेवाळ. उलट खरी बुरशी नात्याने डाऊनीपेक्षा आपल्याला, म्हणजे प्राण्यांना, जवळची आहे. हे चार्टवर मोठ्या अक्षरात लिहा, लोक थांबून वाचतील.

जीवशास्त्र_सर:
व्हिटेकर या शास्त्रज्ञाने १९६९ साली सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या तेव्हा ऊमायसीट फंजायमध्येच ठेवले होते. पिढ्यान्पिढ्या मुलं तेच शिकली, काही बिघडलं नाही.

सूक्ष्मदर्शक:
सर आदर ठेवून सांगतो, बिघडतं आणि ते नाशिकमध्येच सगळ्यात जास्त कळतं. हेकेल या जीवशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये प्रोटिस्टा हे नाव दिलं तेव्हा जे प्राण्यांत बसेना, वनस्पतींत बसेना ते तिथे गेलं. आज जनुकं पाहिल्यावर कळतंय की हे सगळे एका पूर्वजाचे नाहीतच. मलेरियाचा प्लाझमोडियम आणि पॅरामिशियम एका फांदीवर (अल्व्हिओलाटा), डाऊनी आणि डायटम शेजारच्या फांदीवर (स्ट्रामेनोपाइल), युग्लिना भलतीकडेच, आणि आव पाडणारा एंटअमिबा स्लाइम मोल्डच्या जवळ. म्हणून प्रोटिस्टा हा सोयीचा शब्द आहे, घराणं नाही.

गोदाकाठ:
आवेचा विषय निघाला म्हणून सांगते, सध्या घरोघरी पोट बिघडतंय, पाणी उकळूनच प्या, नुसतं गाळून अमिबा जात नाही. आणि गंगेवरचं (गोदावरीचं) पाणी मुलांना प्रयोगाला हाताळू देत असाल तर नंतर साबणाने हात धुवायला लावा.

पिंपळगावकर:
बुरशी नाही म्हणता मग औषधाच्या पुड्यावर बुरशीनाशक का लिहिलंय? चाळीस वर्षं बाग करतोय आमचं घर.

सूक्ष्मदर्शक:
दादा तुम्हीच सांगा, भुरीला (द्राक्षावर पांढरी पूड आणणारा दुसरा रोग) मारता ते हेक्साकोनॅझोल डाऊनीवर चालतं का?

पिंपळगावकर:
नाही चालत. गंधक पण नाही. डाऊनीला मेटालॅक्झिल, मँडीप्रोपॅमिड असली वेगळीच लागतात.

सूक्ष्मदर्शक:
तेच तर. भुरी ही खरी बुरशी. हेक्साकोनॅझोल बुरशीचं एर्गोस्टेरॉल (तिच्या पेशीच्या पडद्याला लागणारा पदार्थ) तयार होणं थांबवतं, डाऊनी ते स्वतः बनवतच नाही, मग थांबवणार काय? मँडीप्रोपॅमिड सेल्युलोज बनवण्यावर घाव घालतं, ते सेल्युलोज डाऊनीच्या भित्तिकेत आहे, भुरीच्या नाही. बोर्डो दोन्हीकडे थोडंफार चालतं कारण तांबं बीजाणूलाच मारतं. बागायतदाराला वर्गीकरण पाठ नसतं पण त्याचं फवारणीचं वेळापत्रक त्यावरच उभं असतं.

सेंद्रिय_निफाड:
दशपर्णी अर्क वापरा हो, एवढं रसायन कशाला. एक्स्पोर्टला रेसिड्यू (औषधाचा उरलेला अंश) लागला की कंटेनर अडकतो.

पिंपळगावकर:
दशपर्णीने डाऊनी थांबला असता तर आम्ही एवढा खर्च केला असता का? आणि बोर्डोला नावं ठेवू नका. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर चोर येऊ नयेत म्हणून मोरचूद-चुना शिंपडायचे, त्या वेली डाऊनीतून वाचलेल्या मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिल्या आणि १८८५ मध्ये जाहीर केलं.

बागायत_कन्या:
सगळे मिळून माझा धागा कुठे नेताय 😭 पण हेक्साकोनॅझोलचं आवडलं, ते चार्टवर घेते. आता स्लाइडचं सांगा. पांढऱ्या दांड्या, काटकोनात फांद्या आणि टोकाला लिंबाच्या आकाराचे दाणे दिसतात. परीक्षक म्हणतील ही तर बुरशीच.

सूक्ष्मदर्शक:
कशात बसवलीये स्लाइड? लॅक्टोफिनॉलमध्ये असेल तर सगळं मेलेलं दिसणार. ताजं पान घ्या, वरून तेलकट पिवळा डाग असलेलं. ओल्या टिश्यूसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत, रात्रभर अंधारात. सकाळी खालच्या बाजूला आलेली पांढरी लव साध्या पाण्याच्या थेंबात झाडा आणि थंड जागी ठेवून तासा-दोन तासांनी बघत राहा. दाण्यांतून पोहणारे बीजाणू निघतात. दोन कशाभिका (पोहायला लागणारे शेपटीसारखे धागे), एक केसाळ, एक गुळगुळीत. साध्या मायक्रोस्कोपवर कशाभिका नीट दिसणार नाहीत पण पोहणं नक्की दिसेल. खरी भुरी असं कधीच करत नाही. पान ओलं राहिलं की डाऊनी लागतो तो याच पोहण्यामुळे, पाण्याच्या थरातून पर्णरंध्रापर्यंत जातात.

जीवशास्त्र_सर:
हे मात्र मुलांना दाखवण्यासारखं आहे. चार्टवर एका कोपऱ्यात जुनी पाच सृष्टी पद्धत दे, शेजारी नवी झाडाची रचना, आणि डाऊनीपासून दोन्हीकडे बाण काढ. परीक्षक कुठल्याही पुस्तकाचा असला तरी उत्तर तुझ्याकडे राहील.

बागायत_कन्या:
झालं!! दिसले! एक दाणा फुटला आणि आतले इवलेसे ठिपके वळवळत बाहेर पडले, गोल गोल फिरत. पप्पांना बोलावून दाखवलं, ते कितीतरी वेळ डोळा काढेनात. डाऊनी स्ट्रामेनोपाइलच्या फांदीवर लावला, सर म्हणाले तसे बाणही काढले. आता शेजारी ठेवायला खरी बुरशी हवी, भुरीचं पान कुठे मिळेल? आमच्या बागेत कालच फवारलंय.

पिंपळगावकर:
आमच्याकडे ये ताई, मधल्या ओळीत कोवळ्या पानांवर आहे थोडी. दुपारच्या आत ये, नंतर फवारणीचा ब्लोअर लागणार आहे.