२०११च्या जर्सीवर लॉन्ड्रीचा '४७' पडलाय, घालवायचा कसा? (बजेट ३००)

विश्रामबागकर (धागाकर्ता)
मंडळी, डोकं चालेना म्हणून विचारतोय. २०११च्या वर्ल्डकपची निळी जर्सी आहे माझ्याकडे, त्याच वर्षी घेतलेली. समोर खाली, डाव्या बरगडीच्या जागी, त्या संघातल्या एका खेळाडूची काळ्या मार्करने सही. कुणाची ते सांगत नाही, नाहीतर खरी की खोटी यातच धागा संपेल. इतकी वर्षं कपाटात घडी घालून होती. गेल्या आठवड्यात मी पुण्याला गेलो आणि आईने 'कोंदट वास मारतोय' म्हणून बाकीच्या कपड्यांबरोबर ती लॉन्ड्रीत दिली. सही वाचली, पण तिथल्या नव्या पोराने सहीखाली तीन बोटांवर, बाहेरच्या बाजूने, ठसठशीत '४७' टाकला. तोही काळ्या मार्करने. कापड पॉलिस्टर. बजेट तीनशे, वर एक रुपया नाही, कारण आईच्या मते 'खोचल्यावर कुठं दिसतंय'.

मिरजेचा_मन्या
सही कुणाची?

हळदगल्ली
सॅनिटायझर लाव आणि घास. माझ्या शर्टाच्या खिशात पेन फुटला होता, पाच मिनिटांत साफ. कोविडच्या चार बाटल्या अजून पडल्यात घरात, कुणाला पाहिजे असतील तर सांगा.

माजी_यष्टीरक्षक
घासू नको!!! नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. आमच्या मंडळाच्या कबड्डीच्या बनियनवर पाठीला 'जय हनुमान' छापलं होतं. त्यावर पेनाचा डाग पडला म्हणून बहिणीचा रिमूव्हर ओतला. पेन गेला, पण 'ह' पण विरघळून बोटाला च्युइंगमसारखा चिकटला. पुढचा अख्खा सीझन मी 'जय नुमान' घालून खेळलो. फायनलला समोरची पोरं 'काय नुमान' म्हणून हाक मारायची. त्या मॅचमध्ये मी एकट्याने नऊ पॉइंट काढले होते, ते मात्र कुणाला आठवत नाही.

मिरजेचा_मन्या
यष्टीरक्षक कबड्डी कधीपासून खेळायला लागले?

माजी_यष्टीरक्षक
आपण दोन्ही खेळलोय भावा.

कंदीपेढा_सातारा
मार्करच आहे ना? मग नशीबवान आहात. आमच्या लहानपणी साताऱ्यात परीट बिब्ब्याने खूण घालायचा. बिब्ब्याला सुई टोचून तिच्या टोकाने कापडावर तेल ओढायचं आणि वरून चुन्याचं बोट. आमच्या घराची खूण गोल, चुलत्यांची गोलात टिंब. कापड जुनं होऊन त्याचं पायपुसणं व्हायचं, तेही विरायचं, पण खूण तशीच. ते तेल चुकून अंगाला लागलं तर फोड यायचे. बिब्बा असता तर 'विसरा' एवढंच म्हटलं असतं. मार्करचं काय, निघेल. टूथपेस्ट लावून बघा.

हळदगल्ली
टूथपेस्ट कशाला, सॅनिटायझर सांगितलंय की वर.

रसायन_मास्तर
थांबा जरा. टूथपेस्ट म्हणजे बारीक भुकटी. तिने शाई निघत नाही, कापडाचा पृष्ठभाग घासला जाऊन पांढुरका होतो. आता मुद्द्याचं. परमनंट मार्करमध्ये रंग, तो धरून ठेवणारी राळ आणि उडून जाणारं अल्कोहोल असतं. वाळल्यावर पाण्याने हलत नाही, म्हणून तर सही लॉन्ड्रीतून परत आली. स्पिरिट लावलं की '४७' सुटेल. पण सहीसुद्धा त्याच जातीच्या शाईची आहे. स्पिरिटला कुठली शाई लाखमोलाची आणि कुठली लॉन्ड्रीची हे कळत नाही. पॉलिस्टरवर ते वातीतल्या तेलासारखं सगळीकडे सरकतं. तीन बोटं म्हणजे फार अंतर नाही.

सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन आणि चिकट जेल असतं. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, तुमच्या बजेटात आरामात बसतं. आधी शिवणीच्या आत, न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाकून बघा, निळा रंग सुटतो का ते.

मिरजेचा_मन्या
मास्तर, सही कुणाची असेल?

आयर्विन_खालचा
लोकांना एका नंबरचं दुःख. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माझ्या सात जर्सी खालच्या कप्प्यात होत्या. आठ दिवसांनी घर उघडलं तर गाळ वाळून घडीची वीट झालेली. एकेक घडी टबात सोडून नुसत्या पाण्यात उलगडली, साबण लावला नाही, पिळली नाही. स्केचपेनच्या दोन सह्या धुऊन जांभळा ढग झाल्या. मार्करच्या तीन शाबूत. मास्तर म्हणतात ते खरं, पाण्याने मार्कर हलत नाही. पंचनाम्यात टीव्ही लिहिला, फ्रिज लिहिला. जर्सी म्हटल्यावर साहेब हसले.

कृष्णामाई
दुधात भिजवा. माझी आई शाळेच्या युनिफॉर्मवरची शाई दुधानेच काढायची.

रसायन_मास्तर
ती दौतीतली शाई होती ताई. मार्करला दूध लावलंत तर '४७' राहील आणि वर नासका वास येईल.

पुणे_फ्रेमवाला_नाही
सरळ फ्रेम कर. मी माझी साडेसहा हजारांत केली, काच अशी की ऊन आलं तरी सही फिकी पडत नाही. खालचा भाग मागे दुमडला की ४७ गायब. शाईला हात लावायचाच नाही. तीनशेत काय होतंय आजकाल, मिसळ पण होत नाही दोघांची.

विश्रामबागकर
बजेट तीनशे आहे हो.

वानखेडे_नॉर्थस्टँड
मुळात घालवायचाच कशाला? २ एप्रिलला गंभीरने ९७ केल्या, त्याच्या जर्सीवरचा चिखल अजून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. तो धुऊन दाखवला असता तर मजा राहिली असती का? धोनीच्या नाबाद ९१ एवढीच लक्षात राहिली ती माती. डाग म्हणजे इतिहास.

आयर्विन_खालचा
चिखल मैदानातला होता. हा लॉन्ड्रीतला आहे.

वानखेडे_नॉर्थस्टँड
मी स्टेडियममध्ये होतो म्हणून सांगतोय.

हळदगल्ली
सांगलीकराने ४७ काय करायचा? त्या पोराला सांग १८ टाक. स्मृतीचा नंबर, आपल्या गावची पोरगी, वर्ल्डकप घेऊन आली २०२५ला. आणि विजय हजारे सांगलीचेच. १९४८ला ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघापुढे दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५. क्रिकेट म्हणजे सांगली.

कंदीपेढा_सातारा
आणि आमचे खाशाबा? गोळेश्वर सातारा जिल्ह्यातच येतं. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीत जर्सीवर सही घ्यायची भानगडच नाही, कान बघून ओळखतात.

मिरजेचा_मन्या
सही हजारेंची आहे का मग?

हळदगल्ली
२०११च्या जर्सीवर?? मन्या, झोप.

रसायन_मास्तर
रीत सांगायची राहिली. स्टीलच्या वाटीवर कापड ताणून बसवा, फक्त '४७'चा भाग, आणि खालून रबरबँड घट्ट बांधा. डमरू होतो बघा. शाईची बाजू वाटीच्या आत, उलटी बाजू वर. वाटीत जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा कोंबा, तो कापडाला टेकला पाहिजे. मग कान साफ करायच्या काडीने मागून मसुराएवढा ओलावा द्यायचा आणि दाबायचं, घासायचं नाही. शाई खालच्या तुकड्यात उतरते. तुकडा सरकवायचा, कापड वाळू द्यायचं, पुन्हा काडी. कडेकडून आत जायचं, मधून बाहेर नाही. सहीची बाजू वर, कपड्याच्या चिमट्याने दोरीला टांगलेली. तास-दीड तास जाईल. पंखा चालू, खिडकी उघडी, गॅस बंद. आणि पूर्ण निघाल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेने उरलेली शाई आणखी बसते.

पुणे_फ्रेमवाला_नाही
एवढा वेळ कुणाला आहे. फ्रेम कर.

नवा_मेंबर_तासगाव
धागा पूर्ण वाचला नाही, पण सॅनिटायझर ट्राय केलं का?

माजी_यष्टीरक्षक
मास्तरांची वाटीची पद्धत मी माझ्या नुमानवर करून बघितली असती तर... असो.

विश्रामबागकर
अपडेट. शिवणीत थेंब टाकून बघितला, निळा सुटला नाही. वाटी, रबरबँड, धोतर (आजोबांचं), सगळं मांडलं. काडी हातात घेतली आणि हात असा थरथरायला लागला की सहीवरच थेंब पडायचा. आई बघत होती. म्हणाली, ज्यानं घाण केली त्याला का नाही सांगत?

म्हणून तुम्हा सगळ्यांचा सल्ला बाजूला ठेवून जर्सी परत त्याच लॉन्ड्रीत नेली.

माजी_यष्टीरक्षक
वेडा आहेस का!!!

विश्रामबागकर
ऐका तर. पोरगा नव्हता, म्हातारे मालक होते. त्यांनी चष्मा वर करून आधी सही बघितली, मग ४७. म्हणाले, चुकीचे नंबर रोज पडतात, रोज काढतो. टेबलाखालून एक तपकिरी बाटली काढली, लेबल नाही. आणि मास्तर, त्यांनी वाटीच घेतली. चहाची बशी उपडी टाकून सहीवर झाकण, एका हाताने बशी दाबलेली, दुसऱ्या हाताने कापसाचा बोळा. सात आधी गेला, चार चिवट निघाला. वीस मिनिटं. मधे दोन गिऱ्हाइकांना कपडेही दिले. सही जशीच्या तशी. ४७च्या जागी रुपयाएवढं फिकट वर्तुळ राहिलंय, उजेडात तिरकं धरलं तरच दिसतं. पैसे घेतले नाहीत.

रसायन_मास्तर
वर्तुळ म्हणजे रंग थोडा हलला. बाटलीत काय होतं?

विश्रामबागकर
विचारलं. म्हणाले, धंद्यातलं आहे.

हळदगल्ली
सॅनिटायझरच असणार.

विश्रामबागकर
एक सांगायचं राहिलं. जर्सी पिशवीत घालून दिली ती घरी येऊन उघडली, तर कॉलरला सेफ्टी पिनेने कागदाची चिठ्ठी. ४८.

मिरजेचा_मन्या
आता तरी सांग, सही कुणाची?