एसी कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील: नुसतं सील बदलून भागेल का?

गंगापूररोडकर
सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, क्लचवाला कॉम्प्रेसर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एसी लावलाच नव्हता. मार्चमध्ये गॅस भरला, तीन आठवड्यांत गार हवा बंद. बॉनेटच्या आतल्या बाजूला बरोबर पुलीच्या रेषेत तेलकट पट्टा उमटलाय, क्लच प्लेटमागे काळपट चिकट ओल. गॅरेजवाले नवा कॉम्प्रेसर घ्या म्हणतात. नुसतं शाफ्टभोवतीचं, गॅस अडवणारं सील बदलता येतं का? इथे नाशिकात द्वारकेला शोधायला गेलो तर कुठली मापं नेऊ?

लीकशोधक
पट्टा तिथे आहे म्हणजे पहिला संशय सीलवरच, पण क्लच उतरवल्याशिवाय निकाल देऊ नका. पुढच्या हाउसिंगच्या ओ-रिंगमधूनही तेल येतं आणि तेही पुलीच उडवते. सीलजवळची फेल्टची चकती जराशी ओलसर असली तर काळजी नको.

क्लच, पुली, कॉईल काढून कॉम्प्रेसरचं नाक, म्हणजे शाफ्टकडचं पुढचं टोक, ब्रेक क्लीनरने पुसा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. इंजिन मुद्दाम बंद ठेवून. एसी चालू असताना सीलमागे सक्शनचा ३०-४० पीएसआय दाब असतो. गाडी उभी राहिली की दोन्ही बाजूंचे दाब सारखे होतात आणि ३० अंशाला एसीच्या गॅसचा (आर-१३४ए) दाब ९५ पीएसआयच्या वर जातो. म्हणून ही गळती पार्किंगमध्येच जास्त होते. तोच ९५ बघून ‘गॅस फुल आहे’ सांगणारेही भेटतील. आत चमचाभर द्रव गॅस उरला असला तरी काटा तेवढाच दाखवतो.

सील गेलं ते बहुधा कोरडं पडून. सीलच्या ओठाला, म्हणजे शाफ्टवर घासणाऱ्या कडेला, तेल मिळतं ते कॉम्प्रेसर फिरताना. थंडीतही आठवड्याला दहा मिनिटं एसी लावत जा.

क्लच_शिम
सील सर्क्लिपने (स्प्रिंगच्या कडीने) बसवलेलं असेल तर समोरून निघतं. काही कॉम्प्रेसरांत ते आतून दाबलेलं असतं, तिथे हाउसिंग उघडावं लागतं. तसं असेल तर गॅरेजवाल्यांचं बरोबर.

गॅस मशीनने काढून घ्या, हवेत सोडू नका. कॉम्प्रेसर खाली उतरवा आणि आतलं तेल मापात ओता, किती मिली निघालं ते लिहून ठेवा. मधला नट काढून हब (क्लच प्लेटचा मधला भाग) पुलरने ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर प्लेट वाकते. हबखालचे शिम, म्हणजे गॅप जुळवायच्या चकत्या, कागदासारखे पातळ असतात, तेलाने हबच्या पोकळीतच चिकटून बसतात आणि नेमके तेच हरवतात. हात लागलाच आहे तर पुलीचं बेअरिंग फिरवून आवाज ऐका.

सील हुकने काढताना टोक शाफ्टला लागू देऊ नका. मग ओठ जिथे घासतो तिथे नख फिरवा. नुसती चमक असेल तर १२०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून गोल गोल फिरवा. लांबीच्या दिशेने ओढलात तर प्रत्येक रेघ म्हणजे गॅसला वाट. नख अडकलं तर सीलवर पैसे घालू नका.

नवं सील कॉम्प्रेसरच्याच तेलात बुडवा, ग्रीस नको. ओठाची उघडी बाजू आत, दाबाकडे. शाफ्टच्या टोकाला दाते नि आटे असतात, त्यांवरून सील तसंच सरकवलं की ओठ कापला जातो. ‘नवं सीलही गळतंय’ या बहुतेक तक्रारी इथल्याच. शाफ्टच्या टोकावर चढवायला निमुळता स्लीव्ह हवा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर नायलॉनचा करून घ्या; नाहीतर जुन्या एक्स-रे फिल्मची पुंगळी, बाहेरून तेल लावून.

क्लच चढवण्याआधी तपासा. दोन्ही तोंडं ओ-रिंग लावलेल्या पट्ट्यांनी बंद करा, एका पट्टीतल्या व्हॉल्व्हमधून १०० पीएसआय नायट्रोजन भरा. कॉम्प्रेसर नाक वर करून उभा ठेवा, सीलच्या खोलगट जागेत चमचाभर तेल ओता. दहा मिनिटांत एकही बुडबुडा यायला नको. शाफ्ट हाताने दहा-बारा वेळा फिरवून परत बघा.

क्लच प्लेट आणि पुलीमधली गॅप फीलर गेजने तीन ठिकाणी मोजा, सहसा ०.३५ ते ०.६५ मिमी. जास्त राहिली तर गरम झाल्यावर क्लच घसरतो आणि त्या उष्णतेने नवं सील भाजतं.

गंगापूररोडकर
धन्यवाद दादा. तेल कुठलं? आणि मागच्या वेळी व्हॅक्यूमचा काटा २८ च्या पुढे जाईना, पंप खराब म्हणत होते.

पॅग४६
पंप ठीक असणार. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे हवेचा दाबच पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास भरतो. २९.९ चा हट्ट मुंबईत धरावा. ४५ मिनिटं ओढा, पंप बंद करून अर्धा तास काटा बघा. पण व्हॅक्यूम टिकला म्हणून सील पास समजू नका. तो दाब उलट्या दिशेने, तोही जेमतेम १४ पीएसआय. नायट्रोजनची चाचणीच खरी.

तेल कॉम्प्रेसरच्या लेबलवर लिहिलेलं, पॅग (एसी कॉम्प्रेसरचं तेल) ४६ किंवा १००, तेच. निघालं तेवढं, वर गळतीचे १०-१५ मिली. उघडी ठेवलेली बाटली वापरू नका, पॅग हवेतलं पाणी ओढतं. ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) नवा टाका. गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर आहे तेवढाच, वजन करून.

मापं तीन: शाफ्टचा व्यास, सीलचा बाहेरचा व्यास, जाडी. त्याहून कामाचा कॉम्प्रेसरच्या लेबलवरचा मॉडेल नंबर, त्याचा फोटो न्या. आणि जुनं सील फेकू नका, दुकानात तेही सोबत असू द्या.