कोळ्यावर आळ घेण्याआधी

आपल्या काकांच्या पोटरीवरची जखम कोळी चावल्यामुळेच चिघळली असं एकाने लिहिलंय, पण चावताना कोळी कुणी पाहिला का? ठाण्यात घोडबंदर रोडकडच्या इमारतींमध्ये भिंतीवर तळहाताएवढा चपटा कोळी हमखास दिसतो. मादी असली तर पोटाखाली अंड्यांची पांढरी चपटी पिशवी धरून फिरते. दिसायला भयंकर, पण झुरळांचा काळ! चावलाच तर दुखतं, थोडं सुजतं, मांस सडत नाही.

मांस सडवणारं विष असतं, नाही असं नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन रिक्लूझ कोळ्याच्या विषातलं स्फिंगोमायलिनेज डी हे विकर (एन्झाइम) ते काम करतं. तरी कॅन्ससमधल्या एका घरात सहा महिन्यांत असे २,०५५ कोळी सापडले आणि घरातल्या कुणालाही चावा नाही! ऑस्ट्रेलियात पांढऱ्या शेपटीच्या कोळ्यावरही हाच आळ होता. २००३ मध्ये तिथे खात्रीच्या १३० चाव्यांचा अभ्यास झाला, त्यात सडका व्रण एकही नव्हता.

कोळ्याचा चावा वाटलेली जखम बऱ्याचदा स्टॅफिलोकोकस या जिवाणूचं गळू निघते. ठाण्याजवळच्या येऊरच्या झाडीत फिरून आल्यावर न दुखणारी काळी खपली आणि सोबत ताप असेल, तर स्क्रब टायफस हा जिवाणूंचा आजार असू शकतो. तो डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकने बरा होतो, पण अंगावर काढला तर जिवावर बेततो. रात्रीत मानेवर उठलेली भाजल्यासारखी रेघ बहुधा चिरडलेल्या पिडेरस किड्याची.

काकांची रक्तातली साखर तपासली का? आणि पू कल्चरला, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत ते तपासायला, पाठवलाय?