स्वतःचा जीनस्टीलर कल्ट: पार्श्वकथा कुठून सुरू करू?

खारा_वारा

नमस्कार मंडळी. वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या मॉडेल्सच्या युद्धखेळासाठी स्वतःचा जीनस्टीलर कल्ट उभा करतोय, म्हणजे डंखातून माणसांत वंश मिसळणाऱ्या चार हातांच्या परग्रही जिवाचे भक्त. निओफाइट (माणसासारखे संकर), अकोलाइट (जास्त राक्षसी संकर), एक मेगस (कल्टचा धर्मगुरू), एक पेट्रिआर्क (मूळ जीनस्टीलर) आणि एका मित्राने कंटाळून विकलेली खाणगाडी, गोलायथ रॉकग्राइंडर, एवढा माल जमलाय. पण रंग ठरत नाही, कारण ही माणसं कोण हेच ठरत नाहीये.

कोडेक्समधले, म्हणजे या सैन्याच्या नियमपुस्तकातले, तयार कल्ट वाचले. पॉपर प्रिन्सेस, रस्टेड क्लॉ, ट्विस्टेड हीलिक्स, ब्लेडेड कॉग. चांगले आहेत, पण मला माझा हवाय. आजोबा वसईकडे मिठागरात कामाला होते, त्यामुळे मिठाचा ग्रह डोक्यात बसलाय. नाव सॅलिना तृतीय. इथलं मीठ साम्राज्याच्या सैन्याच्या रेशनात जातं.

आतापर्यंत तीन पानं लिहिली. दहा हजार वर्षांचा इतिहास, होरसचं बंड, हरवलेल्या प्रायमार्कची तलवार, एक भविष्यवाणी, तिच्या मागावर एक इन्क्विझिटर. वाचताना मलाच जांभया आल्या. शिवाय तीन गोष्टी जमत नाहीत. उघड्यावरच्या मिठागरात ड्रिल आणि रॉक सॉ कशाला असतील? साम्राज्य सम्राटाला देव मानतं, कल्ट त्यालाच चार हातांचा करून पुजतात; त्याशिवाय वेगळं काही पुजता येईल का? आणि शेवटी हाइव्ह फ्लीट (जीनस्टीलर ज्यांच्यातले, त्या परग्रहींचा ताफा) येऊन भक्तांसकट सगळा ग्रह खाणार हे ठरलेलंच आहे, मग गोष्टीत उरतं काय?

डाइस_बुडाले

चार हात म्हटल्यावर मला लग्नपत्रिकाच आठवते. तुझा कल्ट म्हणजे वधूवर सूचक मंडळ: एकदा आत गेलास की चतुर्भुज होऊनच बाहेर.

गमतीचं सोड. एकच विनंती, देऊळ, कवट्यांच्या माळा, बळी देणारा पुजारी असलं काही आणू नकोस. पूर्वेकडचा रहस्यमय पंथ रंगवायची साहेबांची ती जुनी खोड आहे, आपण तरी ती कशाला पुढे चालवायची? बाकी मी आर्बाइट्स (साम्राज्याचे पोलीस) रंगवतोय, त्यामुळे तुझ्या लोकांना अटक करायला कधीही तयार.

रात्रपाळी

अरे, ती तीन पानं बाजूला ठेव. होरस आणि प्रायमार्क तुझ्या ग्रहावरच्या कामगाराच्या खिजगणतीतही नाहीत. त्याला मुकादमाचं नाव माहीत असतं, या महिन्याचा कोटा माहीत असतो आणि प्यायचं पाणी किती वाजता येतं ते माहीत असतं. तिथून सुरू कर.

मी पिंपरीला एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये उभी हयात काढली, आता भाच्याच्या नादाने खेळतो. त्यामुळे मला कोणी कल्ट दाखवला की मी पहिला प्रश्न विचारतो: कुठल्या खात्यात वाढला? कारखान्यात सगळीकडे कोण फिरू शकतं, सांग. मॅनेजर नव्हे. तो शॉपवर यायच्या आधी त्याची वार्ता येते आणि चहाचे ग्लास गायब होतात. मेंटेनन्सवाला मात्र रात्री अडीच वाजता हातात टॉर्च आणि पाना घेऊन कुठेही उभा असला, तरी कोणी हटकत नाही. उलट "किती वेळ लागेल?" एवढंच विचारतात. तुझ्या कल्टने गव्हर्नरच्या महालाकडे बघायच्या आधी चाव्यांचा बोर्ड ताब्यात घ्यावा. आणि त्याच्याही आधी पाळ्यांचा तक्ता लिहिणारा कारकून. तो चौथ्या पिढीचा, दिसायला अगदी माणूस, जरा टक्कल आणि कपाळ पुढे आलेलं एवढंच. तो आधीच्या पिढ्यांतल्या तीन हातवाल्यांना कायमची रात्रपाळी लावतो, तीही सगळ्यात खोल विभागात. युनियनलाही तक्रार नाही, कारण रात्रपाळी बाकी कोणाला नकोच असते. निओफाइटच्या साच्यात कामाचे कपडे, गॉगल, मास्क सगळं आहेच, वेगळं काही चिकटवावं लागणार नाही.

आता ड्रिलचं. तुझं मीठ जमिनीखाली ने, खाणीत. खाणीतल्या मिठाचा एक स्वभाव आहे. वरून दाब आला की ते दगडासारखं अडून राहत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू सरकत राहतं आणि खणलेली पोकळी मिटवत आणतं. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात १९९९ पासून लष्करी अणुकचरा मुद्दाम मिठाच्या थरात खोल पुरतात, तो याच भरवशावर, की मीठ आपणहून त्याला आवळून घेईल.

त्या मिठात तुझा पेट्रिआर्क बसव. त्याची गुहा दर काही वर्षांनी आवळत येणार. ती पुन्हा कोरावीच लागणार. म्हणजे या लोकांची पूजा म्हणजेच खोदकाम, आणि रॉक सॉ हे पूजेचं भांडं. तुझा रॉकग्राइंडर आणि अकोलाइटांच्या हातातली सगळी अवजारं एका फटक्यात हिशोबात आली. वर कंपनीच्या दप्तरात त्याची नोंदही आहे: "गॅलरी क्र. ११, दुरुस्ती." दर सहा वर्षांनी तीच नोंद, तेच जॉब कार्ड, खाली सही. आणि गॅलरी ११ तर ऐंशी वर्षांपूर्वी बंद केलेली! बंद गॅलरीला दुरुस्ती कशाला, हे ज्या दिवशी एखाद्या हिशेबनीसाला खटकेल, तो तुझा पहिला गेम.

ऐंशी का म्हणालो ते सांगतो. पिढ्यांचा हिशोब कागदावर मांडच, तो न मांडता लोक भविष्यवाण्या लिहीत बसतात. जीनस्टीलरने माणसाला डसलं, त्याचं मूल पहिली पिढी, तिथून मोजत चौथी पिढी माणसात खपते. मेगस आणि प्रायमस (लढाईतला म्होरक्या) त्याच पिढीतले. पिढीला २० वर्षं धरलीस तर पहिल्या डंखापासून मेगस जाणता होईपर्यंत ८० वर्षं गेली. तेवढ्यात गव्हर्नर बदलले, कोटा वाढला, एखादी खाण कोसळली. या घटना दशकांवर बसव, इतिहास आपोआप तयार होतो.

आणि त्यात एक घर ठेव. पणजीच्या पोटी ते पहिलं मूल आलं तेव्हा सुईणीने डोळे फिरवले असतील, पण पणजीला त्यात काही वावगं दिसलंच नाही. डंखाचा परिणामच तो, आई-बापाला ते पोर गोजिरवाणंच वाटतं. तिने ते मिठाच्या गोण्यांच्या मागे वाढवलं, पहाऱ्याच्या वेळा पाठ केल्या, त्याच्या तिसऱ्या हातासाठी झबल्याला बाही शिवली. यात खोटं कोणीच बोलत नाहीये. या कल्टची भीती मला तिथे वाटते, नख्यांमध्ये नाही.

खारा_वारा

काका, मीठ सरकतं हे माहीतच नव्हतं. गॅलरी ११ पक्की. झबल्याची बाही वाचून जेवण थांबलं माझं.

पण पुजायचं काय? आणि शेवटाचं काय? ८० वर्षं लपले, उठले, फ्लीट आली, खाल्ले गेले. त्यात माझं वेगळं काय?

रात्रपाळी

पुजायला सम्राटच राहू दे. वेगळा देव आणलास की पहिल्याच आठवड्यात मिनिस्टोरमचा, म्हणजे सम्राटाच्या धर्मसंस्थेचा, पाद्री पकडेल. मूर्ती मात्र मिठाची कर. पोलंडमध्ये विएलिच्काची मिठाची खाण आहे, तिथे १०१ मीटर खोल सेंट किंगाचं अख्खं चॅपल मिठात कोरलंय. भिंतीवरची शिल्पं, वेदी, पायाखालच्या फरशीची नक्षी, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे. आणि कोरणारे कोण, तर खाणकामगारच. १८९६ ला काम सुरू झालं आणि पुढे कित्येक दशकं चाललं.

तुझ्या लोकांनीही असा सम्राट कोरला. समोरून बघितलं तर दोन हात, तलवार, सगळं शास्त्रोक्त. पण स्वच्छ मिठातून उजेड आरपार जातो. पाठीमागून त्यांनी आणखी दोन हात आत खोलवर कोरलेत. मागे दिवा ठेवला की ते उजळतात. पाद्री येतो तेव्हा दिवा पुढे. तो गेला की दिवा मागे.

शेवटाचं दुसऱ्या कोणाला तरी विचार, मी त्यात कच्चा.

ट्रेंटकाठी

नॉटिंगहॅमहून लिहितेय. नोकरीसाठी आले आणि वॉरहॅमर वर्ल्ड, या खेळाचं मुख्य केंद्र, याच गावात निघालं, त्यामुळे पगाराचं काय होतं ते विचारू नका. काका, तो मागचा दिवा मी ढापणार आहे, आधीच सांगते.

खारा_वारा, शेवटाची अडचण सगळ्यांनाच येते. १९८९ च्या स्पेस हल्क या बोर्डगेममध्ये जीनस्टीलर म्हणजे अंधाऱ्या बोळातून धावत येणारं जनावर, त्याला कथेची फारशी गरज नव्हती. २०१६ मध्ये डेथवॉच ओव्हरकिल या खेळातून कल्टची नवी प्लास्टिक मॉडेल्स आली, त्याच वर्षी कोडेक्स आलं, आणि तेव्हापासून जो तो उठावाच्या दिवसाचीच कथा लिहितो. तू त्याच्या नंतरचा दिवस लिही. फ्लीट आलीच नाही.

हे खरंच घडलेलं आहे, फक्त जीनस्टीलरशिवाय. १९५४ साली शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये एका बाईंना परग्रहावरून संदेश यायचे. २१ डिसेंबरला महापूर येणार, आदल्या मध्यरात्री उडती तबकडी येऊन श्रद्धावंतांना घेऊन जाणार. लोकांनी नोकऱ्या सोडल्या. अंगावर धातू चालणार नाही म्हणून कपड्यांच्या चेन उसवल्या. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाची माणसं भक्त असल्याचं सोंग घेऊन त्या खोलीत बसली होती, म्हणून आपल्याला ती रात्र इतकी बारकाईने माहीत आहे. बारा वाजले, कोणी आलं नाही. पहाटे पावणेपाचच्या सुमारास नवा संदेश आला: तुमच्या या छोट्या गटाने इतका प्रकाश पसरवला की देवाने जग वाचवलं. आणि तोवर वार्ताहरांना टाळणारी ही मंडळी सकाळी स्वतःहून वर्तमानपत्रांना फोन करायला लागली.

आता तुझा मेगस बघ. त्याने तारीख दिली, गॅलऱ्यांमधून लोक वर आले, मुकादमांना मारलं, आकाशाकडे बघत उभे राहिले. आकाश रिकामं. सैन्य मात्र वाटेत आहे. त्या रात्री त्याला काहीतरी सांगावं लागेल, आणि जे सांगेल तेच तुझ्या कल्टचं वेगळेपण. तारणहार आले नाहीत कारण आपण पुरेसं खोल खणलं नाही? कारण एक पाळी अपुरी होती? तुझ्या टेबलावरचा प्रत्येक गेम त्या रात्रीनंतरचा समज. शेवटी त्यांना खायला कोणी येवो न येवो, तुला ते दाखवावं लागणारच नाही.

डाइस_बुडाले

कारण एक पाळी अपुरी होती. हेच घे. माझा बॉस दर शुक्रवारी हेच सांगतो.

खारा_वारा

रात्रभर बसून लिहिलं. काकांच्या नोंदवहीच्या थाटात. सांगा कसं वाटतंय:

*देखभाल नोंदवही, खोल विभाग, सॅलिना तृतीय.*

*गॅलरी ११. छत चार बोटं खाली आलं. कापून पूर्ववत. रात्रपाळी, आठ माणसं, अवजारं परत जमा.*

*गॅलरी ११. पूर्व भिंत आत सरकली. कापून पूर्ववत. पाद्री महाशयांची भेट, दिवे पुढे घेतले. तक्रार नाही.*

*गॅलरी ११. आज खालून हाक ऐकू आली. पाळी संपूनही कोणी वर गेलं नाही. कोटा पूर्ण.*

*सर्व गॅलऱ्या. सगळे वर आलो. आकाश स्वच्छ. पहाटेपर्यंत थांबलो. मेगस म्हणाल्या, ते आले होते, दार अरुंद म्हणून परत गेले.*

*गॅलरी ११ ते ४०. रुंदीकरण सुरू. तिन्ही पाळ्या. सुट्टी रद्द.*

यात त्यांना पुढे काय होणार ते लिहिलंच नाही. मेगस बाई केली, माझं मॉडेल तसंच आहे.

ट्रेंटकाठी

"दार अरुंद म्हणून परत गेले." बस. याच्यापुढे एक अक्षर वाढवू नकोस.

रात्रपाळी

छान. एक खटकलं. "खालून हाक ऐकू आली" हे नोंदवहीत कोणी लिहिणार नाही. मेंटेनन्सवाला कागदावर कारण लिहितो, भावना नाही. "असामान्य आवाज. तपासणी केली. दोष आढळला नाही." एवढंच लिही, वाचणाऱ्याला कळतं. आणि सह्या घाल. पहिल्या नोंदीला एका माणसाची सही, शेवटच्या नोंदीला त्याच आडनावाच्या चौथ्या पिढीची. पणजीचं घर तिथे येऊन बसेल, तिच्यावर वेगळा परिच्छेद नको.

रंगाचं विचारलं नाहीस तरी सांगतो. खाणीत खोलवर हवा कोरडी असते, तिथे लोखंड टिकतं. मीठ लागलेलं यंत्र दमट हवेत वर आणलं की गंज धरतो. म्हणजे रॉकग्राइंडर खालच्या विभागातला असेल तर गंज नको, सांध्यांत आणि चाकांच्या खोबणीत पांढरी पूड दाखव, वर हलका ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात. गंज फक्त त्या रात्री वर येऊन उघड्यावर राहिलेल्या गाड्यांना. ओव्हरऑल फिकट पिवळे कर, त्यावर जांभळी कातडी उठून दिसेल.

खारा_वारा

सह्यांचं भारी आहे काका, बदलतो. आणि गंजाने उठावाच्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्याही वेगळ्या करता येतील.

डाइस_बुडाले

मग पहिला गेम हिशेबनिसाचा. माझे आर्बाइट्स त्याला घेऊन गॅलरी ११ बघायला उतरतील. तो दप्तर घेऊन जिवंत वर पोचला तर मी जिंकलो. ५०० पॉइंटचं खेळू, टेबल केवढं लावू?

रात्रपाळी

४४ बाय ३० इंच पुरे. आणि दर दोन राउंडला भिंती एक इंच आत घ्या.